राणीचं घर आणि माझा टेबलफॅन

माझ्या नवऱ्याला बोलता येतं, हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी एका कुत्रीमुळं कळलं.

तोवर माझी समजूत अशी होती, की देवानं त्यांना तोंड फक्त जेवायला आणि शिट्टी वाजवायला दिलंय. आमचे हे रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. शेवटच्या डब्यात एकट्यानं बसायचं, कधी हिरवा झेंडा दाखवायचा, कधी लाल. बोलायचं काम कशालाच पडत नाही. घरी आल्यावरही तीच पद्धत. "भाजी कशी झालीय?" विचारलं की मान हलायची. उभी हलली तर हिरवा, आडवी हलली तर लाल! मी चुडाव्याच्या शाळेत मास्तरीण. दिवसभर पोरांवर ओरडून पूर्णेला घरी यायचे, तर घरात ही शांतता. मी मनाशी म्हणायचे, जाऊ दे, ड्युटीचा थकवा असेल. एकदा दोघं रिटायर झालो की निवांत बसू, पोटभर बोलू.

झालो रिटायर. ओट्यावर समोरासमोर खुर्च्या टाकून बसलो. मी बोलले. ते "हं" म्हणाले. एका संध्याकाळी ते चक्क "हं हं" म्हणाले, तेव्हा मी आनंदानं लेकीला फोन लावला!

लेक स्मिता नांदेडला असते. तिनं त्या फोनचा भलताच अर्थ काढला. पुढच्याच रविवारी ती गाडी घेऊन दारात आली आणि मागच्या सीटवरून एक तांबूस कुत्री खाली उतरली. एक कान उभा, एक पडलेला, उंची वासराएवढी.

"आई, हिला दत्तक घेतलंय. आमच्याकडच्या पोरींनी रस्त्यावरून उचलून, औषधपाणी करून बरी केलीय. बाबांना सोबत होईल. बाबा लय गप्प गप्प असतेत."

"तुझे बाबा पाळण्यातबी गप्पच होते म्हणं," मी म्हटलं. "आन सोबतीला मी हाय की. मी काय दिसत न्हाई का तुला?"

"तुझी गोष्ट येगळी, आई."

(कशी वेगळी, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. उत्तर आवडलं नसतं.)

मी एकच अट घातली. कुत्री घरात पाऊल टाकणार नाही, अंगणात राहील. बापलेकींनी माना उभ्या हलवल्या. मी चहा ठेवायला आत गेले. दूध ओतते न ओतते, तोच अंगणातून एकदम मऊ, लाडिक आवाज आला, "राणीऽऽ!"

"काय हो?" म्हणत मी हातातलं पातेलं घेऊन बाहेर धावले.

हो, धावले! त्या आवाजानं मला आजवर कुणी राणी म्हटलं नव्हतं, हे खरं. पण आवाज माझ्या नवऱ्याचा होता आणि घरात त्या हाकेला लायक दुसरं कुणी नव्हतं. बाहेर बघते तर हे कुत्रीसमोर उकिडवे बसलेले, तिचा तो पडका कान हातात धरलेला.

"तुला न्हाई," ते म्हणाले. "हिला."

स्मिता इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं.

झालं! त्या दिवसापासून माझ्या पोटात जे भडकलं, ते काही विझेना. मला आयुष्यभर "अगं" आणि "ऐकलं का", आणि रस्त्यावरून आलेलीला राणी!

आता राणीला घर पाहिजे. ज्या माणसाला मी स्वयंपाकघरात एक फळी ठोकून द्या म्हणून दिवाळी, पाडवा, पुन्हा दिवाळी असं करत विनवत होते, तो माणूस पहाटे उठून करवत शोधायला लागला. दोन दिवस अंगणात ठोकाठोक. तिसऱ्या दिवशी मी बाहेर येऊन बघितलं, तर लिंबाच्या झाडाखाली लाकडाचं ऐसपैस घर उभं. वर पत्रा, पुढं बसकं दार, बाजूनं हिरवा रंग. कौतुक करावं म्हणून जवळ गेले आणि रंगाखालचं नक्षीकाम ओळखीचं वाटलं. वेलबुट्टी. मधे मोर.

"हा मोर कुठला हो?"

हे पत्र्यावरचा भुसा झाडायला लागले.

"मी काय म्हनायलेय? हा मोर माझ्या माहेरच्या दिवाणाचा हाय का?"

मान उभी हलली.

माझ्या माहेरचा दिवाण! गंगाखेडहून माझ्या बापानं ट्रकवर टाकून पाठवलेला! "वाळवी लागलती," ते कसंबसं म्हणाले आणि लगबगीनं राणीकडं वळले. "बघ राणी, सागवान हाय बरं का. हिच्या वडलांनी दिलतं. लय भारी मानूस."

माझे वडील भारी होते, हे मत माझ्या नवऱ्याचं आहे, ही बातमी मला कुत्रीमार्फत मिळाली!

घर झालं, पण राणी त्यात पाऊल टाकेना. दारापर्यंत जायची, हुंगायची आणि मागं फिरायची. हे जनावरांच्या डॉक्टरांना विचारून आले. डॉक्टर म्हणाले म्हणे, जबरदस्ती करू नका. खाणं आत ठेवा. जवळ बसा, बोलत राहा. आपल्या वासाचा एखादा जुना कपडा आत अंथरा. आणि ऊन फार आहे, तेव्हा गारव्याचं बघा.

जवळ बसा आणि बोलत राहा! जो सल्ला माझ्या लग्नात कुणीतरी ह्यांना द्यायला पाहिजे होता, तो एका कुत्रीच्या डॉक्टरानं दिला, आणि ह्यांनी तो अक्षरशः पाळला. सकाळी चहा झाला की हे उलटी बादली घेऊन त्या घराशेजारी बसायचे आणि सुरू व्हायचे. मी खिडकीतून बघायचे. हातवारे काय, हसणं काय! शब्द मात्र खिडकीपर्यंत पोचायचे नाहीत. मी धुणं वाळत घालायच्या निमित्तानं जवळ गेले, की दोघंही एकदम गप्प. (ती तर नवीनच होती, तिनं तरी बोलावं!)

"काय बोलत होता हो तिच्यासंगं?"

"काई न्हाई."

"काई न्हाई, तर सकाळपासून बोलायलाव काय?"

"हं."

मग कपड्याचा विषय निघाला. ह्यांनी आपला ड्युटीचा पांढरा कोट आत अंथरला. तो मी वर्षानुवर्षं नीळ घालून, इस्त्री करून ठेवलेला. मी ठरवलं, वासच पाहिजे ना? घे माझा वास! हे दाढी करायला गेले तेव्हा कोट काढून घेतला आणि माझं जुनं इरकल आत पसरलं. राणी आली, तिनं हुंगलं, दातांत पदर धरला आणि ते अख्खं लुगडं सरासरा ओढत फाटकाबाहेर नेऊन टाकलं. शेजारच्या रझियाभाबी दारातच उभ्या होत्या.

"मास्तरनी, तुमची साडी रस्त्यावर," त्या म्हणाल्या. "कुतरी नाराज हाय का तुमच्यावर?"

"न्हाई वो भाबी. ऊन दाखवायला काढलीय."

भाबींनी चुलीवरचं मांस शिजतंय का बघावं, तसं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि आत गेल्या.

तोवर परभणीकडचं ऊन सुरू झालेलं. तुम्हाला आमच्याकडचा मे महिना माहीत असेल तर सांगायला नको, आणि नसेल तर तुमचं नशीब चांगलं आहे. एके दिवशी मी भाकरी थापत होते आणि घाम डोळ्यांत चालला होता. सवयीनं टेबलफॅनचं बटण दाबायला हात पुढं केला, तर तिथं टेबलफॅन नाही! खिडकीतून एक वायर बाहेर गेलेली. वायरीमागं मी. वायर अंगण ओलांडून लिंबाखाली गेली आणि माझ्या माहेरच्या मोरावरून आत शिरली. आत अगदी मागच्या भिंतीला माझा फॅन बसवलेला, दाराला ओल्या गोणपाटाचा पडदा सोडलेला. आणि हा सगळा थाट जिच्यासाठी, ती राणी कुठं? तर ती माझ्या खोलीत, माझ्या पलंगावर, माझ्या उशीवर पडका कान ठेवून झोपलेली!

"अहो! ही आत आली कशी?"

"तिला बाहेर गरम होतंय."

"आन मला?"

ह्यांनी जरा विचार केला. "तुला सवय हाय," म्हणाले.

तरीसुद्धा मी धीर सोडला नाही. ठरवलं, माणसाच्या मनाची वाट पोटातून जात असेल तर आपण त्याच वाटेनं जाऊ. दुसऱ्या दिवशी कुळथाचे शेंगोळे केले. ह्यांचा जीव की प्राण. लसूण, जिरं, तिखट, सगळं पाट्यावर वाटून. अशा उकाड्यात, फॅनशिवाय! ताट वाढलं, वरून तेल सोडलं आणि समोर बसले. ह्यांनी ताट उचललं आणि बाहेर चालू लागले. राणीला खाणं घरात ठेवून दाखवायचं होतं ना! बादलीवर बसून स्वतः खाल्लं, चार शेंगोळे धुऊन तिला घातले, आणि रिकामं ताट आणून मोरीत ठेवलं.

"कसे झालते?" मी विचारलं.

"राणीला आवडले."

मी जेवले नाही. आणि हे? हे चप्पल घालून बाजारात निघाले. कशाला, तर राणीच्या गळ्यात घुंगराचा पट्टा आणायला! मी पैंजण मागून मागून दोन वेळा आजीसुद्धा झाले होते.

फाटक वाजलं आणि मी पदर खोचला. बास! माझा फॅन मी घेणार. दिवाण गेला, उशी गेली, नवरा गेला, फॅन जाऊ देणार नाही! गोणपाट बाजूला केलं आणि रांगत आत शिरले. मागच्या भिंतीपर्यंत पोचले, फॅनला हात घातला, तर ह्यांनी तो तारेनं असा आवळलेला, की जणू मालगाडीचा डबा जोडलाय! मी तार सोडवायला लागले. फॅन समोरून भर्रर्र चालू. ओल्या गोणपाटाचा गार, मातकट वास. खाली ड्युटीच्या कोटाची गादी. मी विचार केला, दोन मिनिटं वारा घेऊ, मग तार सोडवू.

काय सांगू तुम्हाला! त्या घरात इतकं सुख होतं, की मला राणीचा मूर्खपणा कळेना आणि माझा मत्सर आणखी वाढला. दाराकडं डोकं ठेवून पाय पोटाशी घेतले. बापाच्या दिवाणावरच झोपल्यासारखं वाटलं. उपाशीपोटी, भरदुपारी, मी कुत्र्याच्या घरात गाढ झोपी गेले.

जाग आली ती बादलीच्या आवाजानं. बादली उलटी झाली, कुणीतरी तिच्यावर बसलं आणि गोणपाटापलीकडून आवाज आला, "शाब्बास माझी राणी! आज आपल्या पायानं आत गेलीस व्हय?"

मी श्वास धरला. ओरडून सांगणार होते, की अहो, मी आहे. पण तेवढ्यात ह्यांनी पुढचं वाक्य सुरू केलं, आणि मला पक्कं माहीत होतं, मी तोंड उघडलं की ह्यांचं बंद होणार!

"आज शेंगोळे लय झकास झालते," हे म्हणाले. "मी हिला सांगितलं न्हाई. आज झकास म्हनलं, तर उद्या ही इचारणार, मंग काल वाईट होते का? म्हनून मी बोलतच न्हाई कधी. बोलताना चुकलं की हिला खपत न्हाई. मास्तरीण हाय ती."

आत माझा जबडा कोटावर टेकला.

पडद्याच्या फटीतून एक हात आत आला आणि माझ्या डोक्यावर फिरायला लागला. "आज लय मऊ लागायलीस," हात थांबला. "तेल लावलं का काय हिनं तुला? लावलं असंल. वरून रागराग करती, आतून तशी न्हाई ती." मग तो हात माझ्या कानामागं खाजवायला लागला. मी मान तिकडं कलती केली. (लाज कशाला वाटायची? आपलाच नवरा!) हात बाहेर गेला आणि बिस्किट घेऊन परत आला. मी सकाळपासून उपाशी. खाल्लं!

"आगं, हळू खा," हे म्हणाले आणि दुसरं दिलं.

मग बिस्किटाचा पुडा गुंडाळल्याचा आवाज आला. मला वाटलं, गाडी थांबली. तर एकदम सुरू झाले. "तुला सांगू का, चुडाव्याला रुळाच्या कडंलाच हिची शाळा होती. आमची गाडी तिथून जाताना वर्गाची खिडकी दिसायची. ही फळ्यावर लिहीत असायची. पाठच दिसायची, आन येनीचा शेपटा. मी हिरवा झेंडा बाहीर धरायचो. स्टेशन मागं पडलं, तरी धरूनच ठेवायचो. साहेबानं बघितलं असतं तर बोंब झाली असती. पोरं खिडकीत जमा होऊन हात हलवायची. ही काई वळायची न्हाई. म्हनलं, कामात हाय."

आत, त्या अंधारात, मला आमचा चौथीचा वर्ग दिसला. मालगाडी आली की पोरं खिडकीकडं पळायची, खुसूखुसू हसायची. "बाई, गार्ड! बाई, गार्ड!" आणि मी फळ्याकडं तोंड करून ओरडायचे, "गार्ड कधी बघितला न्हाई का रे? बसा खाली! फळ्याकडं बघा!" सगळ्या चुडाव्याच्या पोरांना ठाऊक होतं. मला एकटीला ठाऊक नव्हतं!

माझ्या डोळ्यांना धार लागली. नाक वाहायला लागलं. फॅनचं वारं तोंडावर, आणि बिस्किटाचा तुकडा घशात. मी शिंकले.

"अरे! सर्दी झाली का काय राणीला?" हे काळजीनं म्हणाले.

आणि नेमकी तेव्हाच खऱ्या राणीची झोप मोडली. आमच्या खोलीतून राणी आळस देत ओट्यावर आली, पायऱ्या उतरली, आणि ह्यांच्या शेजारी शेपटी हलवत येऊन बसली.



"राणी," हे हळू आवाजात म्हणाले, "तू हितं हायस. मंग बिस्किट कोन खायलंय?"

दुसऱ्या क्षणाला बादली गडगडली. "भाबीऽऽ! काठी आना! आत काईतरी शिरलंय! केसाळ हाय!"

केसाळ!

मी बाहेर यायला वळले, तर पदर फॅनच्या तारेत अडकलेला. तो ओढला तशी फॅनसकट मागची फळी खडखडली. अंबाडा वरच्या पत्र्याच्या खिळ्यात गुंतला. मी "अहो, मी हाय, मी!" असं ओरडले, पण फॅनच्या पात्यांसमोर ओरडल्यामुळं तो आवाज बाईचा काय, माणसाचासुद्धा वाटेना. राणीनं आयुष्यात पहिल्यांदा भुंकायला सुरुवात केली. अंगावर केस उभे करून, माझ्यावर!

रझियाभाबी धुणं बडवायचं बडवणं घेऊन धावत आल्या. "रानडुक्कर हाय का भाईसाब?"

"आवाजावरनं तसंच वाटायलंय!"

भाबी शूर बाई. त्यांनी बडवण्यानं गोणपाट वर उचललं आणि वाकून बघितलं. आमची नजरानजर झाली.

"या अल्ला!" भाबी म्हणाल्या. "भाईसाब, ये तो मास्तरनी है!"

शेवटी दोघांनी मिळून वरचा पत्रा उचकटला आणि मी तिथून उभी राहिले. अंबाडा सुटलेला, गालाला बिस्किटाचा चुरा, खांद्यावर गार्डाचा कोट. ह्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तू कवा आलीस?"

"शेंगोळ्यापासून," मी म्हटलं.

ह्यांचा चेहरा लाल झेंड्यासारखा झाला.

भाबींना शेंगोळ्यांचं काही कळलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "मास्तरनी, घरात जागा कमी पडायली असंल, तर आमच्याकडं या झोपायला."

मी कशीबशी भिंत ओलांडून बाहेर आले, तोच राणी झेपावली. थेट दारातून आत! ज्या घराकडं ती इतके दिवस ढुंकून बघत नव्हती, त्यात ती गोल गोल फिरली, माझी जागा पायांनी उकरली, तोंड बाहेर काढून माझ्यावर गुरगुरली आणि फॅनसमोर ऐसपैस पसरली. डॉक्टरांचे सगळे उपाय फसले होते. आपल्या घरात दुसरीच येऊन झोपलेली बघितली, तेव्हा तिला ते घर आपलं वाटलं! त्या एका गोष्टीत आम्हा दोघींचा स्वभाव अगदी बहिणी-बहिणींसारखा निघाला.

त्यानंतर तिनं ते घर सोडलं नाही. ह्यांनी बाजारातून नवा फॅन आणून स्वयंपाकघरात ठेवला, काही न बोलता. मी एकदा धीर करून म्हटलं, "अहो, तिला सांगता ते मला सांगत जा की."

"हं," ते म्हणाले.

तेव्हापासून मी सुपात तुरीची डाळ घेऊन लिंबाच्या पलीकडच्या बाजूला, राणीच्या घराच्या पाठीमागं बसते. हे पुढं बादलीवर बसतात. मी तिथं आहे हे त्यांना माहीत असतं, आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत असतं. दोघंही दाखवत नाही. ते राणीला चुडाव्याच्या गोष्टी सांगतात. त्या मास्तरणीचा शेपटा, तिची निळी साडी, ती खडू कसा धरायची. आवाज असा मऊ, की ऐकताना माझ्या पोटात पुन्हा भडका उडतो.

राणीवर आता माझा काही राग नाही. पण ती चुडाव्याची मास्तरीण मला भेटली ना, तर चांगली खडसावणार आहे! एवढं कुणीतरी जीव लावून झेंडा धरतंय, आणि मेलीनं एकदासुद्धा वळून बघितलं नाही!